तळ्यातल्या रोगजंतूंचा ‘कोरम’ मोडता येतो का? हळद, दालचिनी, लसणाची खरी ताकद किती

पनवेल : तळ्यातल्या रोहूच्या अंगावर लाल चट्टे आले, खवले उभे राहिले, पोट फुगलं की बहुतेक शेतकऱ्यांचा पहिला फोन खाद्य किंवा औषध विकणाऱ्याला जातो. तिकडून अँटिबायोटिकची पुडी येते, ती खाद्यात मिसळली जाते, दोन-चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा मासे मरायला लागतात. आता त्याच्या जोडीला मोबाईलवर दुसरा सल्ला फिरतो : ‘औषध कशाला, हळद टाका, लसूण टाका, सगळं बरं होतं.’

या सल्ल्यात थोडं खरं आहे आणि बरंच अर्धवट आहे. वनस्पतींमधले काही घटक माशांच्या रोगजंतूंना न मारता त्यांचं आपसातलं ‘बोलणं’ बंद पाडतात आणि त्यांचा बुळबुळीत थर जमू देत नाहीत, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलं आहे. पण प्रयोगशाळेतली काचेची बशी वेगळी आणि पाच गुंठ्यांचं तळं वेगळं. दोन्हींतला फरक समजला तर पैसे वाचतील आणि मासेही.

थोडक्यात सांगायचं तर

- जिवाणू रासायनिक खुणांनी एकमेकांची संख्या मोजतात आणि पुरेसे जमल्यावरच हल्ला करतात.
- दालचिनी, हळद, लसूण, ओवा यांतले घटक आणि टॅनिन या खुणांमध्ये अडथळा आणतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.
- हे घटक पाण्यात ओतण्यापेक्षा खाद्यातून देण्यावर संशोधनाचा भर आहे.
- तळ्याची स्वच्छता, प्राणवायू आणि माशांची योग्य संख्या यांना कोणतीही वनस्पती पर्याय नाही.

आपल्याकडची तळी आणि तिथले रोगजंतू

पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात पाण्याचे दोन प्रकार आहेत. एक गोडं पाणी : गावतळी, शेततळी, धरणांचे जलाशय. इथे रोहू, कटला, मृगळ सोडले जातात. दुसरं खाडीचं निमखारं पाणी : खारबंदिस्तीच्या आतली तळी आणि खाजणं. तिथे कोळंबी आणि आपला जिताडा. पेण-अलिबागकडच्या खारपाट्यात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची पद्धत जुनी आहे. याच खाऱ्या जमिनीसाठी पनवेलला दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती तिथल्याच.

दोन्ही पाण्यांत रोगजंतूही वेगवेगळे. गोड्या पाण्यात सगळ्यात त्रास देणारा एरोमोनास हायड्रोफिला. अंगावर रक्ताळलेले चट्टे, जखमा, शेपटी-पर कुजणं, पोटात पाणी होऊन खवले उभे राहणं ही त्याची लक्षणं. एडवर्डसिएला आणि कल्ल्यांवर, कातडीवर येणारा फ्लॅवोबॅक्टेरियम हे दुसरे दोन. निमखाऱ्या पाण्यात राज्य व्हिब्रिओ गटाचं. त्यातला व्हिब्रिओ हार्वेई कोळंबीलाही मारतो आणि जिताड्यालाही सोडत नाही. कोळंबीच्या बीजकेंद्रात रात्री दिवे मालवले की आजारी पिल्लं हिरवट-निळसर चमकतात, ती याच जिवाणूच्या प्रकाशामुळे. (किनाऱ्यावर कधी कधी लाटा निळ्या चमकतात, ते बहुतेक वेळा नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्म प्लवकामुळे. ती गोष्ट वेगळी.)

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एरोमोनास काय किंवा व्हिब्रिओ काय, हे बाहेरून आलेले चोर नाहीत. ते पाण्यात, गाळात, माशाच्या आतड्यातही कायम असतात. निरोगी तळ्यातही सापडतात. मग ते एकाएकी बिथरतात कसे? याचं उत्तर त्यांच्या ‘कोरम’मध्ये आहे.

जिवाणू बोलतात म्हणजे नक्की काय?

ग्रामसभेचा नियम सगळ्यांना माहीत आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत. कोरम भरला नाही तर सभा तहकूब. चार माणसं आली म्हणून ठराव होत नाही.

जिवाणूंचंही तसंच आहे. प्रत्येक जिवाणू एक बारीकसा रासायनिक पदार्थ पाण्यात सोडत असतो. आजूबाजूला जिवाणू थोडे असले की तो पदार्थ पाण्यात विरून जातो. संख्या वाढली, दाटी झाली की तो साचतो. ठराविक पातळी ओलांडली की जिवाणूंना कळतं, ‘आपण पुरेसे झालो.’ मग सगळे एकदम कामाला लागतात : विष तयार करणं, माशाची कातडी-मांस विरघळवणारी विकरं सोडणं, चिकट थर बांधणं. एकट्या-दुकट्याने विष सोडलं असतं तर माशाच्या प्रतिकारशक्तीने त्याला तिथेच गारद केलं असतं. म्हणून ते गपचूप संख्या वाढवतात आणि कोरम भरल्यावर हल्ला करतात.

ही गोष्ट पहिल्यांदा उमगली ती समुद्रातल्या एका चमकणाऱ्या जिवाणूमुळे. व्हिब्रिओ फिशेरी नावाचा हा जिवाणू हवाई बेटांजवळच्या एका छोट्या माकुलाच्या शरीरात राहतो. समुद्राच्या पाण्यात तो विखुरलेला असतो तेव्हा चमकत नाही. माकुलाच्या प्रकाश देणाऱ्या अवयवात अब्जावधींच्या संख्येने दाटतो तेव्हा चमकतो. १९७० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं की चमकणं सुरू होतं ते संख्या वाढल्यावरच, कारण त्यांनीच सोडलेला पदार्थ साचतो. १९९४ मध्ये या प्रकाराला इंग्रजीत ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळालं. म्हणजे आपला ग्रामसभेचाच शब्द.

एरोमोनास हायड्रोफिला जो पदार्थ वापरतो त्याच्या गटाला थोडक्यात एएचएल म्हणतात. व्हिब्रिओ हार्वेई त्याहून पुढचा : तो एकाच वेळी तीन वेगवेगळ्या खुणा वापरतो. एक खूण स्वतःच्या जातीसाठी, एक व्हिब्रिओ कुळासाठी आणि एक अशी, जी इतर अनेक जातींच्या जिवाणूंनाही समजते.

शेततळ्याच्या कागदावरचा बुळबुळीत थर

कोरम भरल्यावर होणारं मोठं काम म्हणजे थर बांधणं. शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात. शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावर हात फिरवला की बुळबुळीत लागतं, जाळीच्या दोऱ्यावर, पाइपच्या आत, एरेटरच्या पंख्यावर चिकट साय धरते, ती हीच. त्यात शेवाळ असतं, तसे जिवाणूही असतात. सगळेच थर वाईट नसतात. काही थरांवर तर मासे चरतात. पण रोगजंतूंनी त्यात घर केलं की तळ्याला कायमचा पाहुणा लागतो.

थरात जिवाणू स्वतःभोवती साखरेसारख्या पदार्थांचा आणि प्रथिनांचा चिकट लगदा तयार करतात. औषध त्याच्या आतपर्यंत नीट पोचत नाही. आतले जिवाणू सुस्त असतात, आणि वाढणाऱ्या जिवाणूंवर काम करणारी बरीच औषधं सुस्त जिवाणूंवर फिकी पडतात. मोकळ्या पाण्यातला जिवाणू ज्या मात्रेला मरतो, तोच थरात असला की कित्येक पट, कधी शेकडो पट मात्रा सोसतो. औषध बंद झालं की थरातून पुन्हा जिवाणू सुटतात. ‘चार दिवस बरं, मग पुन्हा मर’ या अनुभवामागचं एक कारण हे आहे.

अँटिबायोटिकची अडचण कुठे आहे?

अँटिबायोटिक जिवाणूला मारतं. पण हजारातले दोन-चार जे त्याला दाद देत नाहीत, ते उरतात आणि तेच वाढतात. पुढच्या वेळी तीच पुडी कामाची राहत नाही. ही दाद न देण्याची ताकद एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जाऊ शकते, अगदी माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंकडेही. म्हणजे तळ्यात टाकलेली पुडी फिरून आपल्याच घरातल्या आजाऱ्याच्या मुळावर येऊ शकते.

दुसरी अडचण विक्रीची. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यशेतीत वापरायला बंदी आहे. कोलिस्टिन हे औषध मांस-मासे-कोंबडी यांच्या उत्पादनात वापरायला केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. जी औषधं चालतात त्यांनाही मर्यादा आहे : ऑक्सिटेट्रासायक्लिनचा अंश एक किलो माशात ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. निर्यातीच्या कोळंबीत बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला तर अख्खा माल परत येतो. त्याचा फटका शेवटी तळ्यावरच्या दरालाच बसतो.

म्हणूनच न मारता निःशस्त्र करण्याची कल्पना पुढे आली. जिवाणू जिवंत राहिला, पण कोरम भरल्याचं त्याला कळलंच नाही, तर तो विष सोडणार नाही. मारलं जात नसल्यामुळे दाद न देणारे निवडून वाढण्याचा दबावही कमी राहील, असा हिशेब आहे. तो दबाव शून्य मात्र नाही. स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूने अशा एका घटकालाही दाद न दिल्याचं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

वनस्पती हे बोलणं कसं तोडतात?

झाडाला पाय नसतात, पळता येत नाही. मुळांभोवती, पानांवर करोडो जिवाणू. त्यांच्याशी जुळवून घेता घेता वनस्पतींनी अनेक रसायनं तयार केली. जिवाणूंचं बोलणं तोडण्याच्या तीन जागा आहेत :

१. खूण तयारच होऊ न देणं. जिवाणूच्या आतल्या यंत्रणेत अडथळा.

२. पाण्यातली खूण नष्ट करणं. हे काम मुख्यतः दुसरे जिवाणू करतात. बॅसिलस गटातले काही जिवाणू एएचएल तोडणारं विकर बनवतात, हे २००० मध्ये दाखवलं गेलं. बाजारातल्या ‘प्रोबायोटिक’ डब्यांवर बॅसिलसचं नाव दिसतं. पण प्रत्येक बॅसिलस हे काम करतोच असं नाही.

३. खूण ऐकू न देणं. जिवाणूच्या ‘कानात’ खुणेसारखाच दिसणारा दुसरा पदार्थ जाऊन बसतो. खरी खूण बाहेर राहते.

तिसऱ्या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या डेलिसिया पुल्क्रा या लाल समुद्री शेवाळाचं. बाकीच्या शेवाळांवर जिवाणूंचे थर जमतात, हिच्यावर फारसे जमत नाहीत, हे पाहून शास्त्रज्ञांनी शोध घेतला. तिच्यात फ्युरानोन नावाचे घटक सापडले. ते दिसायला एएचएलसारखे असतात आणि ती खूण चालू देत नाहीत. १९९० च्या दशकातल्या या कामानंतर जगभर वनस्पती तपासणं सुरू झालं.

तपासण्याची पद्धतही सोपी आहे. क्रोमोबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू कोरम भरला की जांभळा रंग तयार करतो. त्याच्यावर वनस्पतीचा अर्क टाकायचा. जिवाणू वाढला पण रंग आला नाही, तर समजायचं की अर्काने त्याला मारलं नाही, फक्त बोलणं बंद केलं. रंगही नाही आणि वाढही नाही, तर तो अर्क सरळ मारणारा.

कोणत्या वनस्पतीवर काय काम झालंय?

दालचिनी. दालचिनीच्या सालीच्या तेलातला मुख्य घटक सिनामाल्डिहाइड. व्हिब्रिओ जिवाणूंमध्ये तो खुणेनंतरची साखळी तोडतो, असं दिसलं आहे. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या पिल्लांवर प्रयोग झाले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात व्हिब्रिओ हार्वेईपासून पिल्लांचा बचाव झाल्याचं नोंदवलं आहे. कोकणात दालचिनी होते. दापोली विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात त्यासाठीच आहे. पण साल आणि शुद्ध घटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हळद. तमिळनाडूत कराईकुडीच्या अळगप्पा विद्यापीठात हळदीतल्या कर्क्युमिनचा व्हिब्रिओच्या अनेक जातींवर अभ्यास झाला. २०१३ मध्ये आलेल्या त्या कामात थर जमणं आणि रोग पसरवणाऱ्या गोष्टी तयार होणं कमी झाल्याचं दाखवलं आहे.

लसूण. लसूण ठेचल्यावर तयार होणाऱ्या घटकांपैकी ॲजोइन स्यूडोमोनास जिवाणूचं बोलणं अडवतो, हे दाखवलं गेलं आहे. हा जिवाणू माणसाच्या जखमांतही असतो, माशांतही.

ओवा. ओव्याच्या वासाचा मुख्य घटक थायमॉल. चिनी संशोधकांनी एरोमोनास हायड्रोफिलावर त्याचा अभ्यास केला. जिवाणूचं विष आणि थर कमी झाल्याचं त्यांना आढळलं.

टॅनिन. हिरडा, बाभळीची साल यांत टॅनिन भरपूर असतं. ओडिशातल्या रूरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी टॅनिक आम्ल एरोमोनास हायड्रोफिलाचा कोरम मोडतं का हे पाहिलं. २०१७ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. आपल्या तळ्यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचं, कारण त्यात काचेच्या बशीबरोबर कटला माशाचाही विचार होता. फायदा झाल्याचं त्यांनी नोंदवलं.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवायला हवी. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत २००७-०८ च्या सुमारास रोहूच्या बोटुकलीला लसूण, हळद, अगदी आंब्याच्या कोयीची पूडही खाद्यातून देऊन पाहिली. नंतर एरोमोनासचा संसर्ग केला तेव्हा असे मासे जास्त तगले. पण तिथे मुख्य मोजमाप माशाच्या प्रतिकारशक्तीचं होतं, जिवाणूच्या कोरमचं नव्हे. म्हणजे लसणाचा फायदा झाला तरी तो कोणत्या वाटेने झाला हे वेगळं तपासावं लागतं.

मग पोतं घेऊन तळ्यात ओतावं का? हिशेब करून पाहू

समजा प्रयोगशाळेत एक लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम कर्क्युमिन लागलं. तुमचं तळं पाच गुंठ्यांचं आणि पाणी दीड मीटर. पाच गुंठे म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटर. पाणी झालं साडेसात लाख लिटर. त्याला लागेल साडेसदतीस किलो शुद्ध कर्क्युमिन. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरलं, तर साडेबारा क्विंटल हळद!

एवढं करूनही उपयोग होईलच असं नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. उन्हात ते मोडतं. आणि पाण्याचा सामू ८ च्या आसपास असला, जसा चांगल्या तळ्यात असतो, तर आणखी लवकर मोडतं. उरलेली हळद तळाशी बसते, कुजते आणि कुजताना प्राणवायू खाते. मासे रोगाने नव्हे, गुदमरून मरतील.

म्हणून संशोधकांचा भर तीन वाटांवर आहे : घटक खाद्यातून आतड्यापर्यंत पोचवणं, बीजकेंद्राच्या छोट्या टाक्यांत वापरणं आणि घटकाला अतिसूक्ष्म आवरणात बांधणं. मोठ्या तळ्याच्या पाण्यासाठी छातीठोकपणे सांगावी अशी मात्रा यातून निघालेली नाही. कोणी ‘एकरी इतके किलो’ असा आकडा ठामपणे सांगितला, तर तो कुठल्या तळ्यावर, किती दिवस तपासला हे विचारा.

आणखी एक गुंता. सगळ्या जिवाणूंचा कोरम एकाच दिशेने चालत नाही. पटकीचा जिवाणू हाही व्हिब्रिओच, पण तो संख्या वाढली की थर बांधणं कमी करतो. तिथे बोलणं तोडलं तर थर उलट वाढू शकतो. म्हणून तळ्यात नक्की कोणता जिवाणू आहे हे कळल्याशिवाय अंधारात तीर मारण्यात अर्थ नाही.

‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’

हे वाक्य आपल्या भागात तरी कोणी बोलू नये. सह्याद्रीच्या पायथ्याशी ओढ्यातले मासे पकडायला गेळाची फळं ठेचून टाकण्याची रीत जुनीच आहे. तोही झाडपालाच. तळं तयार करताना नको असलेले मासे काढायला मोहाची पेंड टाकतात : एक मीटर पाणी असलेल्या हेक्टरभर तळ्याला सुमारे २५०० किलो. तिच्यातलं सॅपोनिन माशांना मारतं आणि दोन-तीन आठवडे पाणी विषारी राहतं. म्हणून त्याआधी बीज सोडत नाहीत. कडुनिंबाचे काही अर्क कोळंबीला सोसत नाहीत. वर सांगितलेले फ्युरानोनसुद्धा मात्रा वाढली की खुद्द माशालाच विषारी ठरतात.

हिरड्याचं, बाभळीच्या सालीचं पाणी तळ्यात ओतलं तर पाणी तांबूस होतं, ऊन आत जात नाही, वनस्पती-प्लवक कमी होतं. म्हणजे प्राणवायू बनणंच कमी होतं. वनस्पतीतला घटक कामाचा असतो तो ठराविक मात्रेत. ती मात्रा ओलांडली की औषधाचं विष व्हायला वेळ लागत नाही.

आज तळ्यावर काय करता येईल?

कोरम मोडण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कोरम भरूच न देणं. जिवाणूंची दाटी आणि माशांचा ताण, दोन्ही कमी ठेवायचे.

- दाटी नको. परवडतं म्हणून जास्त बीज सोडू नका. जास्त मासे म्हणजे जास्त विष्ठा, जास्त खरचटणं, आणि खरचटलेल्या जागेतूनच एरोमोनास आत शिरतो.
- खाद्य मोजून. उरलेलं खाद्य हे जिवाणूंचं जेवण. ट्रेमध्ये घालून पाहा, किती उरतं ते बघा. ढगाळ दिवशी कमी करा.
- प्राणवायू. एका लिटरमध्ये ५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर तो प्राणवायूचा प्रश्न आहे, जिवाणूचा नव्हे. एरेटर लावा, ताजं पाणी सोडा.
- थर काढा. हंगाम संपला की तळं रिकामं करून तडा जाईपर्यंत वाळवा, गाळ काढा, मातीच्या तपासणीनुसार चुना मारा. प्लास्टिकच्या तळ्याचा कागद घासून धुवा आणि उन्हात सुकू द्या. ऊन आणि कोरडेपणा हे थराचे मोठे शत्रू.
- जाळी-बादल्या वेगळ्या. एका तळ्यातली ओली जाळी दुसऱ्यात टाकू नका. ती थराची फांदीच असते. धुऊन, कडक वाळवून मगच वापरा.
- नवं बीज वेगळं ठेवा. आणल्या आणल्या मुख्य तळ्यात ओतू नका.
- खाद्यात लसूण-हळद द्यायचीच असेल तर ती आजार झाल्यावरचा इलाज म्हणून नव्हे, तर निरोगी माशांना, थोड्या प्रमाणात, मत्स्यतज्ज्ञाला विचारून. आधी एका छोट्या तळ्यात किंवा टाकीत करून बघा. आजारी मासा मुळात खातच नाही, त्यामुळे खाद्यातलं काहीही त्याच्या पोटात जात नाही.

आणि एक खूण ओळखायला शिका. जिवाणूच्या रोगात मासे रोज थोडे-थोडे मरतात, अंगावर चट्टे-जखमा दिसतात. एका रात्रीत सगळ्या जातींचे लहान-मोठे मासे एकदम तरंगले, अंगावर जखमा नाहीत, तर प्राणवायू संपला किंवा पाण्यात काहीतरी आलं असा संशय घ्या. तळोजा औद्योगिक वसाहतीजवळच्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, हे या भागाला माहीत आहे. असं पाणी तळ्यात येत असेल तर त्यावर ना हळद चालते, ना अँटिबायोटिक. तिथे पाण्याचा नमुना आणि तक्रार हाच उपाय.

तपासणी कुठे, कशी?

नमुना द्यायचा तर मेलेला, फुगलेला मासा नेऊ नका. मेल्यावर काही तासांत दुसरेच जिवाणू त्यात वाढतात आणि खरा गुन्हेगार सापडत नाही. सुस्त झालेला पण जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून न्या. सोबत वेगळ्या बाटलीत पाणी. रोज किती मेले, खाद्य कोणतं, काय काय टाकलं, याची नोंद लिहून द्या. काही औषध दिलं असेल तर लपवू नका.

रायगडसाठी मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय अलिबागला आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. मोबाईलवरून कळवायचं असेल तर केंद्र सरकारचं ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे ॲप जून २०२३ मध्ये सुरू झालं आहे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ते तयार केलं. त्यावर आजारी माशांचे फोटो आणि माहिती पाठवता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्र. ‘वनस्पतीजन्य’ लिहिलेली बाटली घेऊ का?
बाटलीवर घटकांची नावं, प्रमाण, परवाना आणि मात्रा स्पष्ट आहे का ते बघा. ‘सर्व रोगांवर’ असं लिहिलं असेल तर खिसा बंद ठेवा. बिल मागा आणि जपून ठेवा.

प्र. चुना आणि हळद एकत्र टाकतात, ते काय?
पूर्व भारतात १९८८ नंतर माशांना जखमा होणारा मोठा साथीचा रोग आला, तेव्हापासून ही जोडी तिकडे वापरात आहे. त्या रोगाचं मूळ बुरशीसारखा जीव होता, जिवाणू नव्हे. चुन्यामुळे पाणी सुधारतं हा त्यातला मोठा भाग. तोच उपाय प्रत्येक रोगाला लागू होत नाही.

प्र. कोरम मोडणारं औषध कधी मिळेल?
बीजकेंद्रांसाठी आणि खाद्यातल्या पूरक घटकांसाठी काम पुढे चाललं आहे. तळ्यावरच्या चाचण्या, माशात राहणारा अंश आणि खर्च, हे तिन्ही प्रश्न सुटल्यावरच ते आपल्या बांधावर येईल.

प्र. तोवर अँटिबायोटिक अजिबात नको का?
तपासणीत जिवाणू सापडला, कोणतं औषध चालतं हे कळलं आणि तज्ज्ञाने लिहून दिलं तर द्या. पूर्ण मात्रा, पूर्ण दिवस. आणि औषध बंद केल्यावर सांगितलेले दिवस भरल्याशिवाय मासा बाजारात नेऊ नका. तो मासा कोणाच्या तरी ताटात जाणार आहे, कदाचित आपल्याच.